वाटेचं इचारायचं राहिलं

माझी नात आन् नातजावई रविवारी माझ्याकडं येत्यात. कोपरखैरन्याला आमचं बैठं घर हाय, मार्केटात पोती उचलनाऱ्या मानसांना मिळालेलं. त्यांच्या लग्नाला अजून वरीस न्हाई झालं. दोघं बी महाप्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आल्या आल्या जावई मोबाईल काढतो, नात माझ्या मांडीला मांडी लावून बसती, आन् मंग त्यांचं सुरू व्हतं.

"प्लॉट घ्यावा का फ्लॅट?"

"फ्लॅटचं निदान भाडं तरी येतं."

"भाडं किती येणार? मेंटेनन्समध्येच जाईल. प्लॉटचा भाव वाढतो."

"प्लॉटला लोन कोण देतंय तुला?"

"एअरपोर्टच्या बाजूला आत्ताच घ्यायला पाहिजे. मागं राहिलो तर राहिलोच."

"आणि टायटल? ते कोण बघणार, तुझा तो मित्र? त्याला स्वतःच्या बाईकचे पेपर सापडत नाहीत."

असं भांडत्यात आन् हसत्यात. मी चहा गाळत ऐकते. मला त्यांच्या प्रश्नांचं कवतिक वाटतं. एवढं इचारतंय कोन? आमी न्हाई इचारलं.

अशाच एका रविवारी नात म्हनाली, "आजी, तुम्ही घेतलेली ना जमीन, पनवेलच्या पुढे? तुम्ही काय काय विचारलं होतं तेव्हा?"

"माती इचारली," मी म्हनलं. "पानी इचारलं."

जावई हसला. "बस?"

"बस. वाट इचारायची राहिली."

त्यांना वाटलं आजी काईतरी अध्यात्माचं बोलती. तसं न्हाई. मी खरीखुरी पायवाट म्हनत व्हते. मंग मी त्यांना सगळं सांगितलं. तेच हितं सांगते.

आमी मूळचे साताऱ्याकडचे, पाटनच्या वरचे. गावाकडं ह्यांच्या वाटनीला डोंगरउतारावर जरासं रान आलं, त्यात एका मानसाचं बी पोट भरायचं न्हाई. म्हनून हे मुंबईला आले, पोती उचलायच्या टोळीत लागले. बाजार वाशीला आला तसे आमी बी खाडी वलांडून हिकडं आलो. हे धान्याच्या गाळ्यावर. मी मसाल्याच्या मार्केटात, लाल मिरचीची देठं खुडायला. बायकांचं काम ते. दिवसभर ढिगाशेजारी बसायचं आन् एकेका मिरचीचं देठ मोडायचं. घरी आल्यावर हात असे भगभगायचे की पोरगं रडत असलं तरी त्याच्या तोंडाला हात लावायची भीती. सासू आंघोळ घालायची त्याला.

मी तक्रार सांगत न्हाई. समद्यांचं तसंच व्हतं. पन ह्यांच्या मनात एकच व्हतं. पाठ थकली की जवळपास कुठंतरी रानाचा तुकडा घ्यायचा, त्यात खोप बांधायची आन् तिथं ऱ्हायचं. गावाला जाऊन भावाभावात वाद नको. येश्टीनं सकाळी जाऊन सांजच्याला परत येता आलं पायजे, म्हंजे पोराला बी भेटता येतंय. "मला मरायचंय ते उघड्यावर," हे म्हनायचे, "चाळीच्या जिन्यात न्हाई."

तेवढंच मागनं व्हतं त्यांचं. तुकडा मिळाला. तिथं ऱ्हायचं न्हाई जमलं. आन् ह्यात कुनी आमाला फसवलं न्हाई, हे मी आधीच सांगते. लोक आयकलं की पयलं तेच इचारत्यात, "कुनी फसवलं?" कुनी न्हाई.

टोळीतल्या एकाच्या वळखीनं कळालं की पनवेलच्या पल्याड एक आगरी म्हातारा आपल्या वाटनीचा तुकडा इकतोय. त्याला पोरबाळ नव्हतं, लेकीकडं जाऊन ऱ्हानार व्हता. ह्यांच्या नावानं गावाकडं सात-बारा व्हता, म्हनून शेतजमीन घ्यायला अडचन नव्हती. आमी बघायला गेलो फाल्गुनात.

ते दिवस मला आज बी डोळ्यापुढं दिसत्यात. भात कापून झालेलं, वाल बी निघालेले. समदं शिवार मोकळं. गुरं सोडलेली, कुनाच्या बी खाचरात चरत व्हती. येश्टी थांबली तिथनं आमी सरळ नाकासमोर चालत गेलो, ह्या खाचरातनं त्या खाचरात, बांध वलांडत. म्हातारा पुढं, हे मागं, मी त्यांच्या मागं. कुठनं बी चाला, वाटच वाट. गावाकडं बी असंच असतं. पीक निघालं की रान कुनाचं ऱ्हात न्हाई, येनाऱ्या-जानाऱ्याचं असतं. मंग वाट इचारायचं डोक्यात येनार तरी कसं?

तुकड्यावर पोचल्यावर हे उकिडवे बसले. ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला. म्हाताऱ्याला इचारलं, "माती किती खोल? पावसात पानी किती दिस तुंबतं? डुकरं येत्यात का?" बाजूला म्हाताऱ्याच्या भावजयीची हीर व्हती. तिचं पानी काढून हे प्यायले, मला बी पाजलं. "मचूळ न्हाई," म्हनाले. खाडी जवळ, म्हनून ती भीती व्हती.

म्हातारा खूश झाला. "तुमी शेतकरी हाव, कललं मना. नायतं लोक येतान, मातीला हातपन लावीत नाय."

तेवढ्यात तसलेच लोक आले. एक नवरा-बायको, नोकरीवाले, संगं फ्रॉकातली पोरगी. त्या बाईची चप्पल ढेकळात फसली, तर ती नवऱ्यावरच चिडली, "म्हटलं होतं मी, बूट घालू या." त्यांनी ना माती बघितली ना पानी. नवऱ्यानं इचारलं, "काका, रस्ता किती फुटी आहे?"

म्हातारा म्हनाला, "यो काय समदा रस्ताच हाय."

"तसं नाही. कागदावर रस्ता आहे का? नकाशात?"

"कागदावर नाय. पन आमचे बापापासून याच बांधावरनं जातो आमी."

"बांध कुणाचा?"

"माझे भावजयीचा."

त्या मानसानं बायकोकडं बघितलं, दोघं बाजूला जाऊन कुजबुजली आन् "कळवतो" म्हनून गेली. कळवायची न्हाईत हे आमाला बी कळालं.

परतताना येश्टीत हे किती हसले! "रस्ता किती फुटी म्हनं! डांबर पेरनार हाय का?" मी बी हसले. पोटभर हसलो आमी. त्या पोरीची आई ढेकळात कशी लंगडत व्हती त्याची नक्कल मीच करून दावली घरी आल्यावर. आता ती बाई डोळ्यापुढं आली की मला तिचं नाव-गाव ठावं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. काय बोलले असते कुनास ठाऊक. काईतरी बोलले असते.

आमी तुकडा घेतला. माझ्या अंगावर मंगळसूत्र तेवढं ठेवलं, बाकी त्यात गेलं. त्याचं मला कवाच काई वाटलं न्हाई.

मंग आषाढात पहिल्यांदा लावनीला गेलो. येश्टीतनं उतरलो आन् उभेच राहिलो. चहूकडं भात. पानी भरलेली खाचरं. फाल्गुनात जे मोकळं मैदान व्हतं ते समदं कुनाकुनाचं झालं व्हतं. पाय ठेवायला एकच बांध, म्हाताऱ्याच्या भावजयीचा, आन् तो बी एका पावलाएवढा. मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. हे म्हनाले, "बांध हाय की. आनखी काय पायजे?"

ती भावजय, तिला आमी काकी म्हनायचो. बांधाच्या तोंडाशीच तिचं घर. विधवा बाई, वयानं मोठी, आवाज असा की पलीकडच्या पाड्यातली कोंबडी उठायची. हे बांधावर पाय ठेवायच्या आधी हाळी द्यायचे, "काकी, जातो गं!" आन् आतनं ती वरडायची, "जा रं बाबा, वाट काय माझे बापाची हाय?" दर खेपेला तेच. तिची ती मस्करी व्हती. कवा ह्यांनी हाळी न्हाई दिली तर ती बाहेर येऊन म्हनायची, "चोरासारखा कं जातंस? भाकरी खाऊन जा."

मी तिच्यासाठी मार्केटातनं मिरच्या न्यायचे, देठ काढलेल्या. ती मला सुकट द्यायची, वाल द्यायची. "तुझे हातची मिरची कालवणात घातली का माझी सून नाक पुसत बसते," म्हनायची आन् हसायची. तिच्या पोरांनी आमाला पत्रे वाहून द्यायला मदत केली, त्याची खोप केली. हे दर सुट्टीला जायचे. आंब्याचं कलम लावलं, शेवगा लावला, बांधाला तूर. पाठ दुखत असायची तरी तिथं गेले की मानूस येगळाच दिसायचा. मार्केटात हे कवा शीळ घालायचे न्हाईत. तिथं घालायचे.

अशी बरीच वर्षं गेली.

मंग एका वर्साला काकी आजारली. आमी गेलो तर ओट्यावर बसलेली, अंगावर गोधडी. तिनं ह्यांना जवळ बोलावलं. मी शेजारीच व्हते, मला शब्दन् शब्द आठवतो.

"बाबा, वाटेचं लिवून घे माझेकरून."

"कसलं लिवून घेऊ काकी?"

"याच बांधावरनं तुला जाऊन द्यायचा, असा. मी हाय तवर ठीक हाय. पोरांचा काय सांगू? जमिनीला भाव आयलाय. मोठाल्या गाऱ्या येतान पाड्यात, काच खाली करून इचारतान."

हे हसले. "काकी, तुमच्या बांधावरनं जायला मी कागद करू? लाज वाटंल मला."

"लाज कसली रं त्याच्यान?"

"तुमच्या पोरांनी माझे पत्रे डोक्यावर वाहिले. त्यांच्याकडनं लिवून घ्यायचं म्हंजे त्यांच्यावर इश्वास न्हाई असं झालं. न्हाई काकी. बऱ्या व्हा तुमी."

काकीनं माझ्याकडं बघितलं. बाईनं बाईकडं बघावं तसं. तिला वाटलं असंल मी काई बोलंन. माझ्या मनात आलं व्हतं की घ्यावं लिवून, देतीया आपल्या मनानं तर. पन हे बोलल्यावर त्यावर चार मानसांत मी बोलायची पद्धत आमच्यात नव्हती. आन् खरं सांगायचं तर मला बी थोडी लाज वाटलीच. गावाकडं पानी आन् वाट ह्याचा कागद कोन मागतं? मागनाऱ्याला भांडकुदळ म्हनत्यात. आमी मिरच्या दिल्या, सुकट घेतली आन् बांधावरनं गेलो.

काकी त्या पावसाळ्यातच गेली. ह्यांनी खांदा दिला.

त्याच्यापुढं ह्यांची पाठच बसली. मनक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हनाले, वजन उचलू नका, वाकू नका. मार्केट सुटलं. आता तुकड्यावर जाऊन ऱ्हायचे दिस आले, तर बसच्या धक्क्यानं पाठ कळवळायची. जरा बरं वाटलं तोवर ती रोगराई आली, गाड्या बंद, मानसं घरात. पोरगा म्हनायचा, "बाबा, जाल नंतर, जमीन काय पळून जात नाही." खरं हाय, जमीन पळाली न्हाई.

मोकळीक झाल्यावर आमी निघालो. मी भाकरी आन् ठेचा बांधून घेतला. माघाचा महिना. ह्यांच्या हातात काठी. येश्टीतनं उतरलो तर आधी वाटलं गावच चुकलो. काकीचं घर न्हाई. खाचर न्हाई. तिथं भिंत, मानसाच्या डोक्याच्या वर, आन् लोखंडी गेट. काकीच्या पोरांनी इकलं व्हतं. त्यांनी का इकू नये? त्यांचं व्हतं. त्यांना आमच्या वाटेची आठवन झाली असंल का, हे मी त्यांना कवा इचारलं न्हाई.

वॉचमन आला. "किधर जाना है बाबा?"

"माझ्या रानात," हे म्हनाले.

"इधर रान-वान कुछ नहीं. फार्महाऊस है."

हे काठीनं दावायला लागले, त्या तिकडं, भिंतीच्या पल्याड. आन् तिकडं बघितलं तर भिंतीवरनं आमच्या आंब्याचा शेंडा दिसत व्हता. मोहोर आलेला. पहिलाच एवढा मोहोर.

वॉचमन चांगला मानूस. त्यानं मालकाला फोन लावला आन् फोन ह्यांच्या तोंडापुढं धरला. मालकाचा आवाज बी नरम. "काका, मागची जमीन तुमची आहे, मला माहिती आहे. जा ना, माझी काही हरकत नाही. फक्त येताना आधी एक फोन करून परवानगी घेत जा. सिक्युरिटीचा प्रश्न असतो, दुसरं काही नाही."

वॉचमननं गेट उघडलं. फरशीचा रस्ता दिसला, दोन्ही बाजूंनी फुलझाडं. त्या टोकाला आमचं रान. आत पाऊल टाकायचं तेवढं बाकी.

हे उभेच. मंग मला म्हनाले, "माझ्या रानात जायला परवानगी?"

मी म्हनलं, "आज आलोय तर जाऊन येऊ. मोहोर बघून येऊ."

"चल," म्हनाले आन् पाठ फिरवली.

वॉचमन मागनं हाका मारत व्हता, "बाबा, खुला है, जाओ ना!" हे थांबले न्हाईत. काठी टेकत, त्या दुखऱ्या पाठीनं, येश्टीच्या थांब्यापर्यंत ताठ चालत गेले. भाकरी तशीच घरी आली.

गेट उघडं व्हतं. मी हात धरून नेलं असतं तर आले असते का, कुनास ठाऊक. आयुष्यभर त्यांनी पोती उचलली, त्यांचा हात मी असा धरला असता तर त्यांना तो सोडवता आला असताच. पन मी धरला न्हाई. "चल" म्हनाले आन् मी चालले. त्या दिवसाचं मला जेवढं वाईट वाटतं तेवढं दागिन्यांचं न्हाई, मिरच्यांचं न्हाई, कशाचं न्हाई.

मंग तहसील. वकील केला. वकील म्हनाला, "अडवल्या अडवल्या यायला पाहिजे होतं, आता वेगळा अर्ज करावा लागेल. वेळ जाईल." तिथल्या सायबानं ह्यांना इचारलं. साहेब तरना व्हता, बोलनं तुटक, पन खेकसला न्हाई.

"तुमच्या जमिनीच्या पूर्वेला कोण? पश्चिमेला? उत्तरेला? दक्षिणेला?"

ह्यांनी सांगितलं. समदी नावं पाठ व्हती.

"म्हणजे चारी बाजूंना माणसंच आहेत की. मग रस्ता कुठंय?"

"बांधावरनं."

"बांध कुणाचा?"

"काकीचा."

"त्या कुठं आहेत?"

"वारल्या."

"त्यांनी काही लिहून दिलं होतं?"

मी भिंतीला टेकून उभी व्हते. "देत व्हत्या" असं माझ्या तोंडापर्यंत आलं. पन देत व्हत्या आन् आमी घेतलं न्हाई, हे सायबाला सांगून काय व्हनार?

"बांध कुणाचा?" हाच सवाल त्या फ्रॉकवाल्या पोरीच्या बापानं केला व्हता. तवा आमी हसलो व्हतो.

तारखा पडायच्या. हे प्रत्येक तारखेला जायचे, जिन्यात बसून ऱ्हायचे. चाळीच्या जिन्यात मरायचं न्हाई म्हननारा मानूस तहसीलच्या जिन्यात बसून म्हातारा झाला. शेवटी शेवटी उठवंना झालं. खाटेवर पडल्या पडल्या म्हनायचे, "मोहोर गळाला आसंल का?" मी म्हनायचे, "न्हाई, धरला आसंल." कुठल्या महिन्यात काय इचारत्यात त्याचं त्यांना भान राहिलं नव्हतं. मी बी तसंच उत्तर द्यायचे. ते घरातच गेले, ह्याच खोलीत, खिडकीपाशी.

एवढं सांगितलं तवा नात रडत व्हती. जावयानं मोबाईल कवाच उलटा ठेवला व्हता. म्हनाला, "आजी, आपण जाऊ या. मी फोन करतो त्यांना."

"परवानगी घेऊन?"

"हो. परवानगी घेऊन. तुम्हाला चालेल?"

मी म्हनलं, "चालंल."

वैशाखात गेलो, त्याच्या गाडीनं. फोन आधीच केला व्हता. गेट उघडलं. मी त्या फरशीवर पाय ठेवला, आन् काय झालं मला कळालं न्हाई, तोंडातनं आपोआप हाळी निघाली, "काकी, जाते गं!"

नात माझ्याकडं बघायला लागली. मी तिथंच उभी राहिले. माझ्या ध्यानात आलं ते तिथं. आमी दर खेपेला इचारूनच जात व्हतो की. इतकी वर्षं, एकेका खेपेला, ह्यांनी स्वतःच्या तोंडानं हाळी देऊन परवानगीच घेतली. काकी हसून "जा" म्हनायची म्हनून ती परवानगी वाटली न्हाई, वाट आपलीच वाटली. त्या दिवशी गेटवर नवं काई झालं नव्हतं. फक्त "जा" म्हननारं मानूस बदललं व्हतं. हे ध्यानात आलं असतं तर हे आत आले असते का? मला वाटतं, आले असते. हे मला त्यांना सांगायचं राहून गेलं.

खोप पडली व्हती. पत्र्याखाली ह्यांचं खोरं सापडलं, गंजलेलं, दांडा वाळवीनं खाल्लेला. शेवगा मोडलेला. आंबा मात्र लगडला व्हता. खाली गळालेल्या फळांचा सडा, खारीनं कुरतडलेली. मी झाडाखाली बसले. जावई फोटो काढनार व्हता, नातीनं त्याचा हात दाबला.

भिंतीचा मालक तिथं आला. पोरगेलासा मानूस. पान्याची बाटली दिली मला. म्हनाला, "आजी, मी आधीही निरोप पाठवला होता. काकांनी नाही म्हटलं. तुम्हाला विकायची असेल तर मी घेईन. दुसरं कोणी इथपर्यंत येऊ शकत नाही, हे तुम्हालाही माहिती आहे."

त्यात त्याचं खोटं काय व्हतं? माझ्या पोराला रान नको. माझ्या मागं तारखा त्याच्या गळ्यात पडायच्या. मी म्हनलं, "देते. पन एक हाय. मी हाय तवर आंब्याच्या दिवसात मला हितं येऊन बसू द्यायचं. आन् झाड तोडायचं न्हाई."

"नक्की आजी. कधीही या."

"लिवून द्या."

तो हसला. "माझ्या शब्दावर विश्वास नाही का?"

"हाय ना. म्हनून तर लिवून मागते. तुमच्या जागी उद्या दुसरं कुनी आलं, तर त्याला आपल्या दोघांचा इश्वास कसा कळनार?"

"बरं, लिहून देतो," तो म्हनाला. नातजावयानं मजकूर सांगितला, वकिलानं नीट केला, आन् व्यवहाराच्या कागदात घातला. सही करताना रजिस्टर कचेरीतल्या बाईनं मला वाचून दावलं. मी म्हनलं, "वाटेचं परत एकदा वाचा." तिनं वाचलं. गेटापासून आंब्यापर्यंत, फरशीच्या वाटेनं, मला जाऊ द्यायचं. रान आमचं व्हतं तवा हे कुठंच लिवलेलं नव्हतं.

ह्यांना हे पटलं नसतं. मला ठावं हाय. मी तरी केलं.

नात-जावई अजून बघतायत. मागल्या रविवारी एका प्लॉटचा फोटो दावला मला, मोठा रस्ता, दोन्ही बाजूंनी नारळाची झाडं. मी इचारलं, "रस्ता कुनाचा?" जावई म्हनाला, "आजी, तेच विचारलं मी. एजंट म्हणाला, सगळ्यांचाच."

"मंग?"

"मंग काय, कळवतो म्हटलं," आन् तिघं बी हसलो. मी जरा कमी हसले.

पुढल्या वैशाखात जाईन. देठ काढलेल्या मिरच्या नेईन पिशवीभर. वॉचमनला देईन. आता तिथं दुसरं कोन हाय द्यायला.